हिरव्या खुणेनंतरची सकाळ : एका दूध संस्थेतल्या कॉम्प्युटरबदलाचं प्रकरण

12 ऑक्टोबर 2025, रविवार. सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना सचिवांचा फोन आला. "दादा, काट्याचं वजन कॉम्प्युटरवर येईना झालंय. लाईन दाराबाहेर गेलीया." आदल्या रात्री साडेबाराला मी त्याच खोलीत काट्यावर पाण्यानं भरलेली किटली ठेवली होती. तिचं वजन स्क्रीनवर उमटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मधल्या पाच तासांत त्या खोलीत कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं. कॉम्प्युटर तेवढा चालू ठेवलेला होता.

ही करवीर तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी तालुक्यात हार्डवेअरची कामं करतो आणि आसपासच्या काही दूध संस्था आणि पतसंस्था माझ्याकडे आहेत. विंडोज 10 चा आधार संपल्यापासून अशा बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर बदलणं चाललंय. ते करताना सगळे प्रोसेसर आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) तपासतात. मीही तेच तपासलं होतं, आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. तरीही रविवारची सकाळ जायची तशी गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खोलीत काय काय होतं

कोल्हापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी संकलनाचं काम कसं चालतं ते सांगतो. उत्पादक किटली घेऊन येतो. दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं की वजन कॉम्प्युटरला जातं. चमचाभर नमुना फॅट मशीनमध्ये जातो आणि मिनिटभरात फॅट आणि एसएनएफचे (फॅटखेरीज दुधातल्या घन पदार्थांचे) आकडे कॉम्प्युटरला मिळतात. सॉफ्टवेअर त्या आकड्यांवरून दरपत्रकातला दर काढतं आणि उत्पादकाच्या खात्यावर नोंद करतं. बाहेर खिडकीत टांगलेल्या डिस्प्लेवर वजन, फॅट आणि रक्कम दिसते, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून पावती निघते. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळीही तेवढाच वेळ हे चालतं. दर दहा दिवसांनी बिल होतं आणि पैसे बँकेतल्या खात्यांवर जमा होतात. दरपत्रक फॅटच्या एकेका दशांशाला बदलतं, त्यामुळे 6.2 आणि 6.7 यांतला फरक उत्पादकाला तोंडपाठ असतो.

या सगळ्याच्या मधोमध एक जुना कॉम्प्युटर होता. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यावर 32-बिट (64-बिटच्या आधीच्या जुन्या घडणीचं) विंडोज 7 होतं, पुढे त्याच पट्टीवर 32-बिट विंडोज 10 चढलं. मागच्या बाजूला नऊ पिनांचं एक सिरियल सॉकेट, म्हणजे कॉम-1. त्यावर फॅट मशीन. आत एका पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्ड बसवायच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) दोन सिरियल सॉकेटांचं कार्ड, त्यातल्या एकावर काटा, दुसऱ्यावर बाहेरचा डिस्प्ले. प्रिंटर जाडजूड पॅरलल केबलनं एलपीटी-1 या प्रिंटरच्या सॉकेटावर. सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे डोंगल, यूएसबीत. सहा-सात वर्षं यातली एकही वायर कुणी हलवली नव्हती. वायरींवर दुधाच्या वाफेची आणि धुळीची पुटं चढली होती.

बदलायचं का ठरलं

कारण योग्यच होतं. विंडोज 10 ला सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्ट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबवणार होती. सचिव याच कॉम्प्युटरवरून दूध संघाचं पोर्टल उघडत आणि बँकेकडे बिलाची यादी पाठवत. दीडशेच्या वर घरांचे पैसे ज्या कॉम्प्युटरवरून हलतात, तो अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवणं मला पटत नव्हतं आणि चेअरमनांनाही नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. त्याच्या अटी ठरलेल्या आहेत : किमान दोन कोअरचा 64-बिट प्रोसेसर आणि तोही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला (इंटेलचा असेल तर बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचा), 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) करू शकणारं यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि टीपीएम 2.0. संस्थेतल्या एका सभासदाच्या मुलानं सुचवलं की अटी चुकवून पेन ड्राईव्हवरून चढवता येतं, नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही. तो मुलगा खोटं सांगत नव्हता, तसं चढतं. पण अशा कॉम्प्युटरला पुढची अपडेटं मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. 24एच2 या आवृत्तीपासून तर पॉपसीएनटी आणि एसएसई 4.2 या आज्ञा न येणाऱ्या फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. अपडेटसाठीच बदल करायचा आणि अपडेटचीच हमी सोडून द्यायची, हे मी करणार नव्हतो. हा नकार मला आजही बरोबर वाटतो.

मग संस्थेनं एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, कंपनी ऑफिसात असतो तसा बुटका बारीक डबा. दुकानात आणून मी बायोस नवा केला, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू केलं आणि विंडोज 11 प्रो कोरं चढवलं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवलं आणि प्रत्येक ओळीसमोर हिरवी खूण आली. त्या खुणेचा फोटो काढून मी सचिवांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला.

ती खूण काय सांगते आणि काय सांगत नाही, हेच मी डोक्यात नीट घेतलं नव्हतं. हा डबा विंडोज 11 चालवेल, एवढंच ती सांगते. डब्याला पाठीमागून जे जे जोडायचं आहे त्याकडे ती बघतही नाही. माझं हार्डवेअर म्हणजे डबा, संस्थेचं हार्डवेअर म्हणजे काटा. आणि मी दुकानात बसून माझंच हार्डवेअर तपासत होतो.

शनिवारची रात्र

शनिवार मी विचार करून निवडला होता. 1 ते 10 तारखेचं बिल शुक्रवारी बंद झालं होतं, म्हणजे जुनं खातं स्वच्छ. संध्याकाळचं दूध गेल्यावर आठला आम्ही सुरुवात केली. आधी डेटाचं फोल्डर दोन पेन ड्राईव्हवर घेतलं. एवढी एक गोष्ट मी नीट केली.

पहिली अडचण कार्डाची. जुनं कार्ड पीसीआयचं. नव्या डब्यात पीसीआय स्लॉटच नाही, पीसीआय एक्सप्रेस आहे आणि तोही अर्ध्या उंचीचा. सिरियल सॉकेट एकही नाही, पॅरलल तर नाहीच. हे मला माहीत होतं, म्हणून मी यूएसबीवरून सिरियल काढणाऱ्या तीन केबली आणि एक यूएसबी-पॅरलल केबल आणली होती. केबली माझ्या दुकानातल्याच, जुन्या, अनेक ठिकाणी चाललेल्या. चाललेल्या, पण विंडोज 7 आणि 10 वर.

सॉफ्टवेअर बसवायला सीडीवरचं सेटअप चालवलं तर विंडोजनं सांगितलं की हे ॲप या पीसीवर चालू शकत नाही. सॉफ्टवेअर स्वतः 32-बिट आहे आणि 64-बिट विंडोजवर 32-बिट प्रोग्रॅम चालतात. पण त्याचं सेटअप त्याहून जुनं, 16-बिट होतं. 16-बिट प्रोग्रॅम चालवणारा भाग 64-बिट विंडोजमध्ये नसतो, आणि विंडोज 11 ची 32-बिट आवृत्ती मुळात निघालेलीच नाही. जुन्या कॉम्प्युटरवरचं अख्खं फोल्डर उचलून आणलं, लागणाऱ्या रनटाइम फाइली शेजारी ठेवल्या, तेव्हा सॉफ्टवेअर उघडलं आणि लॉक सापडत नाही म्हणून बंद झालं.

लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे वस्तूची आणि विंडोजची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, 32-बिट होता. प्रोग्रॅम 32-बिट असला तर 64-बिट विंडोज त्याला सांभाळून घेतं, ड्रायव्हरला नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरतो, तो 64-बिटच लागतो आणि त्यावर डिजिटल सही लागते. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, त्यांनी रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर 64-बिट ड्रायव्हर पाठवला, त्यांचे खरंच आभार. तो बसवला तर 'या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही' असा संदेश. कोऱ्या विंडोज 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण चालू असतं आणि जुन्या पद्धतीनं लिहिलेले ड्रायव्हर ते आत घेत नाही. मी ते संरक्षण बंद केलं. लॉक सापडलं. त्या वेळी मला हायसं वाटलं. आता वाटतं, सुरक्षेसाठी कॉम्प्युटर बदलायला गेलेल्या माणसानं पहिल्याच रात्री सुरक्षेचं एक दार काढून ठेवलं.

मग केबली. तिन्ही एकाच वेळी, एकाच दुकानातून घेतलेल्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, तिन्हींवर पिवळा त्रिकोण, आणि चिपच्या नावाच्या जागी चक्क एक वाक्य : ही चिप 2012 पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. चिपच्या निर्मात्यानं नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिपा जाणूनबुजून वगळल्या आहेत. यावरचा उतारा हार्डवेअरच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे : त्याच चिपचा जुना ड्रायव्हर शोधायचा आणि 'यादीतून निवडा' करून हातानं तो लावायचा. मी तो लावला. त्रिकोण गेले.

तरीही वजन येईना, कारण सॉफ्टवेअरला फक्त कॉम-1 ते कॉम-4 माहीत, आणि विंडोजनं केबलींना 5, 6, 7 असे नंबर दिले होते. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलले. आकडे पाठवायचा वेग काट्याचा 2400, फॅट मशीनचा 9600, तेही तिथंच जुळवले. साडेबाराला काट्यावर किटली ठेवली. वजन आलं. फॅट मशीनमध्ये सचिव आण्णांच्या घरचं वाटीभर दूध घातलं, फॅट आली. बाहेरचा डिस्प्ले आणि प्रिंटर राहिले होते. ते सकाळी बघू म्हटलं, पावती एक दिवस हातानं देऊ.

आणि मग मी जुना कॉम्प्युटर गाडीत घातला. तो दुकानात नेऊन स्वच्छ करायचा, हार्ड डिस्कची प्रत काढायची, असा विचार होता. दुकान तिथून 14 किलोमीटर.

सकाळ

रात्रीत विंडोज अपडेटनं आपलं काम केलं. कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांसाठी आधीच्यापेक्षा नवा ड्रायव्हर उपलब्ध दिसला, तो उतरवून बसवला. पुन्हा तीच चिप, तेच वाक्य, तेच पिवळे त्रिकोण. विंडोजच्या दृष्टीनं त्यानं योग्यच केलं. ड्रायव्हरची अपडेटं थांबवायची सोय प्रो आवृत्तीत आहे आणि मी ती लावली नव्हती.

हे मला रविवारी सकाळी कळलं नाही, सोमवारी कळलं. रविवारी फक्त एवढंच कळलं की काटा आणि फॅट मशीन दोन्ही मुके झालेत आणि परत जायला जुना कॉम्प्युटर खोलीत नाही.

मी जुना कॉम्प्युटर गाडीत टाकून निघालो. पोचेपर्यंत साडेसहा वाजून गेले. तोवर सचिवांनी मोठ्या धीरानं एक निर्णय घेतला होता. काट्याला आणि फॅट मशीनला स्वतःचे आकडे दाखवायचे छोटे पडदे असतात, ते चालू होते. एक जण वजन वाचून सांगायचा, दुसरा फॅट, आणि सचिव वहीत लिहायचे. उत्पादकाच्या कार्डावरही तेच आकडे. टेम्पो आठला येतो आणि शीतकरण केंद्राला उशीर चालत नाही, दूध थांबत नाही. ती वही नसती तर त्या सकाळी कित्येक घरांचं दूध परत गेलं असतं.

मी जुना कॉम्प्युटर जागेवर ठेवला, कार्ड पुन्हा बसवलं, वायरी जोडल्या. वायरी कुठली कुठं होती, याचा फोटो मी काढलेला नव्हता. कार्डाच्या दोन सॉकेटांत काटा आणि डिस्प्लेची अदलाबदल झाली, ती सापडायला आणखी दहा मिनिटं गेली. सव्वासातला संकलन कॉम्प्युटरवर आलं. तोवर नव्वदच्या वर उत्पादक वहीत होते.

दुपारी आम्ही वहीतून नोंदी भरायला बसलो. संध्याकाळी एक आजी कार्ड घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्या म्हशीची फॅट कधी साडेसहाच्या खाली आली न्हाई, आन् आज सहा-तीन कशी?" आण्णांनी कार्ड आणि वही जवळ धरली. वहीत घाईत लिहिलेला 8 वरून उघडा राहिला होता आणि तो 3 वाचला जात होता. 6.8 होती. आण्णांनी तिथल्या तिथं खाडाखोड करून सही केली. नंतर सगळी वही आम्ही कार्डांशी पडताळली, तेव्हा अशीच आणखी एक चूक सापडली, ती एसएनएफची. रक्कम किरकोळच होती. पण त्या आजींनी विचारलं नसतं तर त्यांच्या म्हशीचं दूध आमच्या घाईनं पातळ ठरलं असतं. ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

शोध

फरकाचं बिल तोंडावर होतं. वर्षभराच्या दुधावरचा फरक दिवाळीआधी द्यायचा असतो आणि 17 तारखेला वसुबारस होती. त्यामुळे संकलन आणि फरक दोन्ही जुन्या कॉम्प्युटरवरच करायचे, हे चेअरमनांनी ठरवलं. मी त्याचं इंटरनेट काढून घेतलं. पोर्टल आणि बँकेचं काम 13 तारखेपासून नव्या कॉम्प्युटरवर गेलं. ही विभागणी आम्हाला आठवडाभर आधी सुचली असती तर रविवार घडलाच नसता, कारण 14 तारखेची घाई फक्त इंटरनेटवरच्या कामाला होती. काट्याला इंटरनेट लागतच नाही.

सोमवारी दुकानात ड्रायव्हरची तारीख आणि अपडेटचा इतिहास शेजारी ठेवला तेव्हा पहाटेची नोंद सापडली. केबल खरंच बिघडली आहे की ड्रायव्हरच तिला नाकारतोय, हे पक्कं करायला मी उबंटूचा पेन ड्राईव्ह लावून त्याच डब्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालवलं, डिस्कला हात न लावता. तीच केबल लगेच ओळखली गेली आणि दुकानातल्या दुसऱ्या काट्याचे आकडे तिच्यातून आले. म्हणजे तांब्यात आणि चिपेत काही बिघाड नव्हता. ही चाचणी मला आता फार आवडते. दहा मिनिटांत कळतं की दोष वस्तूत आहे की तिच्या आणि विंडोजच्या नात्यात. काही संस्था या कारणानं लिनक्सकडे वळायचं म्हणतात, पण आमचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, त्यामुळे तो रस्ता इथं नव्हता.

मग मी संस्थेत बॅटरी घेऊन गेलो आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे बसलो. एकेका वायरीचा माग काढला : कुठून निघते, कुठल्या सॉकेटात जाते, तिथं कॉम नंबर कोणता, वेग किती, ड्रायव्हर कुणाचा, कोणत्या तारखेचा, 64-बिटचा मिळतो का, सही आहे का. यूएसबीच्या वस्तूंचे हार्डवेअर आयडी डिव्हाइस मॅनेजरमधून उतरवले, कारण खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी आत कुठली चिप आहे ते हे आकडेच सांगतात. बाजारात एकाच दिसण्याच्या केबलींमध्ये तीन-तीन वेगळ्या चिपा निघतात. कागद दोन पानांचा झाला. त्याला आम्ही 'वायरींची यादी' म्हणतो. शनिवारच्या आधी करायचं काम हेच होतं, आणि त्याला तासभरही लागला नाही.

दुरुस्ती

सिरियलसाठी एफटीडीआय चिपच्या दोन केबली घेतल्या. विंडोज 11 साठी त्यांचा चालू ड्रायव्हर आहे आणि तो अपडेटमधूनही नीटच येतो, त्यामुळे जुना ड्रायव्हर ठोकून बसवायची वेळ येत नाही. या चिपांना प्रत्येकी स्वतःचा अनुक्रमांक असतो, म्हणून केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटात गेली तरी कॉम नंबर बदलत नाही. स्वस्त केबलींना तो नसतो आणि झाडलोट करताना कुणी वायर काढून शेजारच्या भोकात घातली की नंबर फिरतो. तरीही मी सॉकेटांवर आणि केबलींवर एकाच रंगाचे ठिपके लावले : काट्याला लाल, फॅट मशीनला निळा. कॉम्प्युटरनं वीज वाचवण्यासाठी यूएसबी झोपवू नये म्हणून ते सेटिंगही बंद केलं. पहाटे साडेपाचला पहिली किटली येते तेव्हा झोपलेली केबल परवडत नाही. ड्रायव्हर अपडेटमधून न घेण्याची सोय चालू केली.

लॉकचं उत्तर मात्र सॉफ्टवेअरवाल्यांकडेच होतं. मी त्यांना सांगितलं की मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवून मी हे चालवणार नाही. त्यांनी दोन-तीन दिवस घेतले आणि लॉक बनवणाऱ्याकडून आलेला नवा ड्रायव्हर दिला. तो बसला, संरक्षण पुन्हा चालू केलं, लॉक चाललं. सोबत त्यांनी 64-बिट विंडोजवर चालणारं नवं सेटअपही दिलं. आधीच मागितलं असतं तर आधीच मिळालं असतं.

प्रिंटरनं जरा छळलं. यूएसबी-पॅरलल केबल छापायला चालते, पण ती खरा एलपीटी-1 निर्माण करत नाही, विंडोजला एक वेगळाच यूएसबी पोर्ट दाखवते. आमचं सॉफ्टवेअर पावती थेट एलपीटी-1 कडे फेकतं. शेवटी प्रिंटर त्याच कॉम्प्युटरवर शेअर केला आणि 'नेट यूज' या आज्ञेनं एलपीटी-1 त्या शेअरकडे वळवला, कायमचा. डॉस काळापासूनची युक्ती आहे, अजून चालते.

21 ऑक्टोबरपासून एक पूर्ण बिल दोन्ही कॉम्प्युटरवर केलं. सकाळचं दूध जुन्यावर, आणि दुपारी त्याच नोंदी नव्यावर. संध्याकाळी उलट, वायरी नव्याला आणि नोंदी नंतर जुन्यावर. सचिवांना दुप्पट काम पडलं आणि त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. 31 तारखेला दोन्हीकडची बिलं काढली. एका उत्पादकाच्या रकमेत फरक आला. तो नव्या कॉम्प्युटरचा नव्हता, नोंद भरताना खाते क्रमांक चुकला होता. 1 नोव्हेंबरला सकाळचं दूध पहिल्यांदा पूर्णपणे नव्यावर घेतलं. मी पाचलाच जाऊन बसलो होतो. मला काही करावं लागलं नाही.

विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या कॉम्प्युटरसाठी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 च्या 22एच2 या आवृत्तीला आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, वाढीव सुरक्षा अपडेटं देऊ केली. घरगुती वापराच्या बऱ्याच लोकांनी ती घेतली. एक वर्ष म्हणजे वायरींची यादी करायला, सॉफ्टवेअरवाल्यांना नवा ड्रायव्हर मागायला आणि एक बिल दोन्हीकडे करून बघायला भरपूर वेळ आहे. माझ्याकडच्या दोन संस्थांत आता तेच चाललंय, यादीपासून सुरुवात करून.

आणखी एक. पुष्कळांना वाटतं, नाही जमलं तर दहा दिवसांत मागे जाता येतं. ती सोय चालू विंडोजवरच वरची आवृत्ती चढवली तर असते. 32-बिटवरून 64-बिटवर जाताना कोरंच चढवावं लागतं, तिथं मागचं दार नाही. मागचं दार म्हणजे जुना कॉम्प्युटर, वायरी लागलेल्या अवस्थेत, त्याच खोलीत.

बाहेरचा डिस्प्ले अजून बंद आहे. त्याला तिसरं सिरियल सॉकेट लागतं आणि तो केबलवर नीट बोलत नाही, आकडे मध्येच तुटतात. उत्पादकांना तो हवाच आहे. खिडकीतून आपल्या किटलीचा आकडा स्वतः वाचणं आणि सचिवांच्या तोंडून ऐकणं यात त्यांच्या लेखी फार फरक आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्ध्या उंचीचं पीसीआय एक्सप्रेस सिरियल कार्ड मागवलंय, चिप आणि ड्रायव्हर आधी पाहून. दहा तारखेचं बिल बंद झालं की संध्याकाळच्या दुधानंतर बसवणार आहे. तोवर आण्णा प्रत्येकाला फॅट मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि जुना कॉम्प्युटर टेबलाखाली आहे, वायरींवर ठिपके लावलेला.